मुम्मोच्या भिंतीचा लाल

“किती झाडं आहेत ताई?”

कृषी केंद्रातल्या मुलानं पिशवी काउंटरवर ठेवत विचारलं. पिशवीत एक किलो फेरस सल्फेट होतं, म्हणजे आपलं हिराकस. आमच्या नागपूरकडे संत्र्याची पानं पिवळी पडायला लागली की बागाईतदार ते नेतात, त्यामुळे त्याचा प्रश्न बरोबरच होता.

“झाडं नाहीत. रंग शिजवायचाय.”

“शिजवायचाय?”

“हो. कणीक घालून.”

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं, मग पंचवीस रुपये कमी केले. का, ते मला अजून कळलेलं नाही.

मला जो रंग शिजवायचा होता त्याला फिनलंडमध्ये ‘पुनामुल्ता’ म्हणतात. शब्दशः लाल माती. तिकडच्या खेड्यांत लाकडी घरं, गोठे, न्हाणीघरं जो मळकट, उन्हात ऊबदार दिसणारा लाल रंग घेऊन उभी असतात, तो हा. शेजारच्या स्वीडनमध्ये फालूनच्या तांब्याच्या खाणीतून निघणाऱ्या टाकाऊ मातीपासून तो करायला लागले आणि पुढे तो फिनलंडभर पसरला. श्रीमंती काही नाही त्यात. पाणी, राईचं (म्हणजे मोहरी नव्हे, गव्हासारखं तिकडचं एक धान्य) किंवा गव्हाचं पीठ, हिराकस आणि लोहाची माती. माझ्या मुम्मोचं, म्हणजे आईच्या आईचं, तळ्याकाठचं सौना, म्हणजे वाफेनं न्हायची लाकडी खोली, ह्याच रंगाचं होतं.

हे जरा उलगडून सांगायला हवं. माझे बाबा कागदाच्या कारखान्यातले इंजिनिअर. प्रशिक्षणासाठी ते फिनलंडला गेले, सायमा सरोवराच्या काठी सहा महिने राहिले आणि परत येताना माझ्या आईशी लग्न ठरवून आले. 1976 साली आई बल्लारपूरला नांदायला आली. सावोनलिन्नाजवळच्या खेड्यातली मुलगी थेट चंद्रपूर जिल्ह्यात, आणि तीसुद्धा एप्रिलमध्ये! आजी सांगायची की पहिला आठवडा सून ओला टॉवेल डोक्यावर घेऊन पाण्याच्या कोठीजवळ बसून होती. मराठी ती आजीकडूनच शिकली, त्यामुळे आजही सत्तरी ओलांडलेली, निळ्या डोळ्यांची माझी आई “काय करून राहिली वं?” असं विचारते आणि नवीन माणूस दचकतो. मी तिला आईच म्हणते. फिनिशमध्ये म्हटलं असतं तर ‘ॲइती’ म्हणावं लागलं असतं. फार फरक नाही.

विमानाचं तिकीट म्हणजे बाबांचे कित्येक पगार. म्हणून माझ्या वाट्याला फिनलंडचे एकूण तीन उन्हाळे आले. 1984, 1987 आणि 1990. माझ्या चित्रांचं भांडवल म्हणाल तर एवढंच.

आणि हे भांडवल मी आधी चांगलं उधळलं.

चाळिशीनंतर मी ठरवलं की आता मुम्मोच्या घरावर चित्रमालिका करायची. पहिली दोन वर्षं मी फोटोंवरून तळी रंगवली. तळं, तळ्यात आकाश, काठाला बर्चची झाडं, लाकडी धक्का. रंगकाम वाईट नव्हतं, पण प्रत्येक चित्राखाली महिना आणि तारखा छापल्या असत्या तर बँकेनं ते गिऱ्हाइकांना वाटलं असतं. मग मी पुराणाकडे वळले. ‘कालेवाला’ हे तिकडचं महाकाव्य, एलिआस ल्योनरूतनं लोकगीतं गोळा करून 1835 मध्ये प्रथम छापलेलं. ते आईकडून ऐकत मी हंस काढले, काळी नदी काढली, दाढीवाले म्हातारे काढले. त्यातला एक म्हातारा आमच्या शेजारच्या निवृत्त तलाठ्यासारखा दिसायला लागला तेव्हा मी थांबले. हे काम तिकडचा चित्रकार अक्सेली गालेन-काल्लेला ह्यानं सव्वाशे वर्षांपूर्वी करून ठेवलेलं आहे, आणि असं करून ठेवलंय की पुन्हा त्या वाटेला जाऊ नये.

कालेवालातल्याच प्रसंगावरच्या त्याच्या ‘लेम्मिनकाइनेनची आई’ ह्या 1897 च्या चित्राचं पोस्टकार्ड मुम्मोच्या स्वयंपाकघरात होतं. मेलेल्या मुलाजवळ बसलेली आई, आजूबाजूला हाडं, कवट्या, मागे काळं पाणी, आणि वरून उतरणारे सोनेरी किरण. सहा वर्षांची असताना मी त्या कार्डाखालून मान वळवून जायचे. पुढे 2019 मध्ये हेलसिंकीच्या आतेनेउम संग्रहालयात मूळ चित्रासमोर उभी राहिले. चित्रकारानं आईच्या जागी स्वतःच्या आईलाच बसवलं होतं, हे मला ठाऊक होतं. तरीही चेहरा पाहताना गालेन-काल्लेलाची आई दिसली नाही, लेम्मिनकाइनेनची तर नाहीच नाही. मला वास आला, वेलदोड्याचा. त्या पोस्टकार्डाच्या खाली मुम्मो पुल्ला भाजायची, वेलची घातलेला गोड पाव. तो फिनलंडमधल्या घराघरात होतो. बल्लारपूरला श्रीखंडाच्या वेळी जो वास, तोच तिथं भट्टीतून यायचा आणि लहानपणी मला वाटायचं की आजी आधीच येऊन करून गेली.

त्याच दौऱ्यात मुम्मोचं घर विकलं. मुम्मो 2011 मध्येच गेली होती. घरातून मी फार काही आणलं नाही. आईनं मात्र एक पत्र्याची पेटी उचलली, आणि ती पेटी दोन वर्षांनी, नागपूरच्या घरात, लॉकडाउनमध्ये उघडली गेली. त्यात माझा फ्रॉक निघाला. पिवळा, पांढऱ्या ठिपक्यांचा, 1984 चा. पाठीवर दोन्ही खांद्यांच्या मधे तांबूस डाग.

तो डाग बघितल्यावर मी खाली बसले. सगळंच आठवलं. सौनाच्या भिंतीला मी टेकले होते, पाय तळ्याकडे करून. पुनामुल्ता कधीच पुरता धरत नाही. कितीही वर्षं झाली तरी अंगाला थोडा लागतो, खडूसारखा. मुम्मोनं मला हाताला धरून फिरवलं, पाठ बघितली आणि फिनिशमध्ये काहीतरी लांबलचक म्हणाली. मला ते कळलं नव्हतं, पण सूर मला पाठ होता. बल्लारपूरला आजी ओट्याला, तुळशीवृंदावनाला गेरू लावायची, तो ओला असताना मी टेकले की ती ह्याच सुरात बोलायची. दोन बाया, एकमेकींना कधीही न भेटलेल्या. एक राईच्या पिठातला गेरू वापरणारी, दुसरी नुसत्या पाण्यातला. पाठ माझी एकच.

म्हणून मग हिराकस.

कृती आईला अर्धी आठवत होती, उरलेली जुन्या घरांची डागडुजी करणाऱ्यांच्या पत्रकातून मिळाली. तिकडे पन्नास लिटर पाण्याचं प्रमाण सांगतात. आमची गॅसची शेगडी त्याला पुरणारी नाही, म्हणून मी पाच लिटरवर आणलं. पाणी उकळायचं. त्यात दोनशे ग्रॅम हिराकस टाकायचं. पाणी हिरवट होतं आणि वास येतो नाणी मुठीत धरून घाम आल्यावर येतो तसा. मग चारशे ग्रॅम पीठ भुरभुरत, सतत घोटत घालायचं. ज्यांना पिठलं येतं त्यांना हे शिकवावं लागत नाही. गुठळी झाली की संपलं. पंधरा मिनिटं शिजली की मस्त खळ होते, आपण पतंगाला, पुस्तकाच्या पुठ्ठ्याला करायचो तशी, फक्त हिरवट. आता आठशे ग्रॅम लाल माती, आणि पुन्हा पंधरा मिनिटं. वरून थोडं जवसाचं तेल. फिनलंडमध्येही घरांच्या रंगात हेच तेल पडतं. विदर्भात जवसाला तोटा नाही.

राई मात्र इथं नाही. मी गव्हाचं पीठ घेतलं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, “आटा कायले वाया घालवतेस?” हे बोलताना ती पन्नास टक्के आजी होती.

पहिला घाणा फसला. किराणा दुकानातला गेरू घातला होता; वाळल्यावर रंग भगव्याकडे झुकला. देवळाचा रंग झाला, सौनाचा नाही. मुम्मोचा लाल खोल होता, वाळलेल्या रक्ताच्या आसपासचा. मग मी पिवळी माती आणून लोखंडी तव्यावर भाजली. पिवळ्या मातीत धरलेलं पाणी तापल्यावर उडून जातं आणि ती लाल होते. डोळ्यांदेखत होते हे, आधी कडा, मग मध्य, हळद करपावी तसं. जितकी जास्त भाजाल तितकी गडद. चार तवे वेगवेगळ्या वेळा भाजून, गेरूत मिसळून, फ्रॉकच्या डागाशेजारी ठेवून बघत गेले. चौथा जुळला. ज्या रंगाचा फोटो नाही, नमुना नाही, तो एका डागावरून परत मिळवला ह्याचा मला उगाचच अभिमान आहे, तो राहू द्या.

दुसरा घाणा पावडर होऊन झडला, कारण मी हावरटपणा करून माती जास्त घातली होती. तिसरा झाकून ठेवला आणि नागपूरच्या जून महिन्यानं दोन दिवसांत तो आंबवला. फिनलंडच्या हवेसाठी बसवलेली कृती आहे ती. तेव्हापासून शिजवलेला त्याच दिवशी संपवते.

कॅनव्हासवर हा रंग बसत नाही. त्याला खडबडीत, न रंधलेलं, पाणी पिणारं लाकूड लागतं. बुटीबोरीच्या एका भंगारवाल्याकडे परदेशी यंत्रांच्या खोक्यांच्या पाइनच्या फळ्या मिळाल्या. खिळ्यांची भोकं, शाईचे अर्धे शिक्के, एका फळीवर उलटी छत्री आणि काचेचा पेला, म्हणजे ‘जपून’ची खूण. ती मी तशीच ठेवली. लाल थर दोन हात द्यायचा, वाळू द्यायचा आणि त्यावर अंड्याच्या बलकात कालवलेले रंग घेऊन काम करायचं. बलकाचा रंग क्षणात सुकतो, घोळवत बसता येत नाही. बारीक रेघेशेजारी रेघ मारत जावं लागतं, विणल्यासारखं. पहिल्या तीन फळ्या मी घासून पुन्हा चुलीत, म्हणजे कचऱ्यात दिल्या.

काय काढायचं, हा प्रश्न तोवर तसाच होता. त्याचं उत्तर एका मोजपट्टीनं दिलं. 1984 मध्ये माझी उंची किती असेल ह्यावर आईशी वाद झाला. शेवटी शाळेचं जुनं प्रगतिपुस्तक सापडलं, त्यात लिहिलेलं होतं, 112 सेंटिमीटर. म्हणजे डोळे साधारण एक मीटरवर. मी भिंतीवर एक मीटरला खडूची रेघ मारली, स्टूल घेऊन त्या उंचीवर डोळे आणून बसले, आणि नियम केला: ह्या रेघेवरून जे दिसलं असतं तेवढंच काढायचं.

त्यानंतर तळं गेलं. बर्च गेले, आकाश गेलं. फोटोंत असतं ते सगळं उभ्या माणसांचं असतं. उरलं ते टेबलाची खालची बाजू, च्युइंगमसारखा वाळलेला डिंक, मुम्मोच्या ॲप्रनचा खिसा, बादलीचा काठ, सौनातल्या पायऱ्या आणि चिंध्यांची सतरंजी.

त्या सतरंजीवर तीन फळ्या झाल्या. तिकडे जुन्या चादरी, शर्ट, परकर फाडून त्यांच्या पट्ट्या मागावर विणतात. आडव्या पट्ट्यांची लांब सतरंजी होते, घराच्या दारापासून दारापर्यंत अंथरायची. आपली गोधडी थर लावून शिवतात, ही विणतात, एवढाच भेद. उन्हाळ्यात ती तळ्यावर नेऊन पाइनच्या साबणानं घासायची. मी पट्ट्यांवरून रांगत जाऊन मुम्मोला विचारायचे, ही कोणाची? ती सांगायची, आईचा शाळेचा झगा, आजोबांचा शर्ट. पट्टी आणि बोट एवढ्यानं काम भागायचं, भाषा लागायची नाही. चित्रात मी प्रत्येक पट्टी वेगळी काढली. एका फळीला तेरा दिवस लागले, आणि शेवटी त्यात आजीच्या लुगड्याचा हिरवा कधी आला ते मला समजलं नाही. आजीचं लुगडं मुम्मोच्या सतरंजीत असणं शक्यच नाही. पण तो हिरवा तिथं असा बसला की काढता येईना.

एक फळी वासाची करायची होती. हेलसिंकीहून सावोनलिन्नाला जाताना आगगाडी इमात्रावरून जाते, तिथं लगद्याचे कारखाने आहेत. खिडकीतून कुजक्या कोबीसारखा वास आला की सगळे नाकाला रुमाल लावत. त्या वासाला तिकडे ‘पैशाचा वास’ म्हणतात. मी मात्र सीटवर उभी राहून ओरडले होते, “घर आलं!” बल्लारपूरला बांबू शिजतो, तिकडे पाइन आणि बर्च, पण गंधक तेच. आई हसत सुटली होती, एवढं आठवतं. ही फळी जमली नाही. वास रंगवण्याच्या नादात धूर रंगवला गेला.

आणखी एक जमली नाही, ती सांगते. मुम्मो मूळची कारेलियातली, म्हणजे तेव्हाच्या फिनलंडच्या पूर्व सीमेवरच्या भागातली, सोर्तावालाच्या बाजूची. 1939 च्या हिवाळ्यात युद्ध सुरू झालं तेव्हा ती आठ वर्षांची होती. घर सोडलं, 1942 मध्ये परत गेले, 1944 मध्ये पुन्हा सोडलं, आणि ह्या वेळी कायमचं. तो भाग रशियात गेला. कारेलियातून अशी चार लाखांहून जास्त माणसं उठून आली. मुम्मो ह्यावर बोलायची नाही. आईला तिनं एकदाच सांगितलं होतं की आम्ही गाडीत होतो आणि गाय चालत होती. मी गाय काढायला घेतली. पाय काढले, बर्फ काढला, कारण मुलीच्या नजरेला पाय दिसतील. चित्र बरं होत होतं. पण ती नजर माझी नव्हती, ती मुम्मोची होती, आणि तिनं ती मला दिलेली नव्हती. ती फळी भिंतीकडे तोंड करून ठेवली आहे.

कारेलियाचं जे माझ्या हाती आलं ते खाण्याचं. राईची पातळ पारी, आत दूधभाताचं सारण, कडा चिमटीनं मुरडलेल्या, वरून उकडलेलं अंडं लोण्यात कुस्करून. बल्लारपूरला आई ज्वारी आणि कणीक मिसळून ह्या पुऱ्या करायची. ज्वारीमुळे पारी फाटायची. एका दिवाळीला आजीनं पाट ओढला, म्हणाली सरक, आणि करंज्यांची मुरड घालावी तशी घालून दिली. आईनं नंतर पत्रातून मुम्मोला कळवलं. मुम्मोचं उत्तर आलं होतं, त्यात म्हणे लिहिलं होतं की मुरड फार बारीक असेल तर सारण कोरडं पडतं. विहिणींचं तेवढंच काय ते बोलणं.

मधल्या काळात दोन गॅलऱ्यांना फोटो पाठवले. एकीनं विचारलं की उत्तरेचा प्रकाश, बर्फ असं काही आहे का. दुसरीनं विचारलं, थोडं वारलीसारखं काही घालता येईल का, कारण पार्श्वभूमी लाल आहेच. दोघींनाही मी नम्रपणे नाही म्हणून कळवलं. दुसरीला जरा कमी नम्रपणे.

सर्वांत मोठी फळी शेवटी केली. सौनाचा आतला अंधार, खालच्या बाकावरून दिसणारा. वरच्या बाकावर बसलेल्या मुम्मोचे पाय, मांडी, आणि तापलेल्या दगडांवर पाणी टाकण्यासाठी पुढे आलेला हात, त्यात लांब दांड्याची लाकडी पळी. पाणी पडतं आणि वाफेचा लोट उठतो, त्याला ‘लोयल्यू’ म्हणतात. मी तो काढलाच नाही. वाफ येण्याआधीचा क्षण घेतला, कारण मला भीती त्याच क्षणाची वाटायची. हातावर मी महिनाभर होते. मनगटाचं हाड, शिरा, करंगळी किंचित उचललेली. कुठलाही फोटो न बघता हात उतरत गेला आणि मला पहिल्यांदाच खात्री वाटली की हे खरं आहे.

आईला बोलावलं. ती चष्मा लावून जवळ गेली, मग लांब गेली, मग पुन्हा जवळ.

“हा कोनाचा हात?”

“मुम्मोचा.”

“माय तं डावखोरी होती.”

मी चित्राकडे पाहिलं. उजवा हात. करंगळी उचललेली. बल्लारपूरच्या न्हाणीत बंबातलं कढत पाणी तांब्यानं घेऊन माझ्या पाठीवर ओतायच्या आधी जी अशीच उचललेली असायची, ती करंगळी. आईनंही ती ओळखली होती. ती काही बोलली नाही, फक्त फळीच्या कडेवरून बोट फिरवून त्याला लागलेला लाल पदराला पुसला.

आठवडाभर मी हात उलटा करावा का ह्या विचारात होते. कागदावर डावा काढूनही पाहिला. तो बरोबर होता आणि मेलेला होता. मग मी फळीच्या मागे पेन्सिलीनं दोघींची नावं लिहिली आणि विषय बंद केला.

प्रदर्शन नागपुरातच केलं, चार दिवस, अकरा फळ्या. सगळ्या खाली लावल्या, मध्य एक मीटरवर येईल अशा. मोठ्यांना वाकावं लागत होतं, त्यावरून काही जणांनी कुरकुर केली. मुलं मात्र सरळ चालत जाऊन उभी राहायची. एक मुलगी सतरंजीच्या पट्ट्या मोजत होती आणि बेचाळीसपर्यंत पोहोचून चुकली.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक वयस्क गृहस्थ आले, पांढराशुभ्र झब्बा घातलेले, काटोलकडचे असावेत. बराच वेळ फिरले, दमले, आणि सौनाच्या फळीला पाठ टेकवून उभे राहिले. मी धावले. तोवर झालं होतं. झब्ब्यावर दोन्ही खांद्यांच्या मधे तांबूस पट्टा उठला होता.

मी माफी मागायला लागले. त्यांनी मान वळवून पाठ बघायचा प्रयत्न केला, बोटाला लागलेला रंग चोळला, हुंगला.

“गेरूच ना? धुतला की जाते.”

“हो,” मी म्हटलं.